कॅन्टीनचा कोटा, गळ्यातली माळ आणि तिसरी रात्र : एका निवृत्त हवालदाराच्या घराचं प्रकरण

जळगाव जिल्ह्यातल्या गिरणाकाठच्या एका गावातलं हे प्रकरण. ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत आणि नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

घरात पाच माणसं. फौजीदादा, वय ४४. गाव त्यांना याच नावाने हाक मारतं. पायदळात चोवीस वर्षं नोकरी करून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि सध्या एका बँकेत कंत्राटी सुरक्षारक्षक आहेत. वहिनी, वय ३९, बारावी शिकलेल्या. कपाशी-मक्याची चार एकर शेती लग्नापासून त्यांनीच सांभाळली. मुलगा अठराचा, पहाटे साडेचारला रस्त्यावर धावायला जाणारा, कारण त्यालाही भरती व्हायचंय. मुलगी नववीत. आणि फौजीदादांच्या आई, सगळ्यांच्या माय.

मी व्यसनमुक्तीच्या कामात समुपदेशक आहे. वहिनी माझ्याकडे आल्या त्या नवऱ्याचं दुखणं घेऊन आल्या नाहीत. बचत गटाच्या बैठकीनंतर थांबल्या आणि म्हणाल्या, "ताई, रात्री दोनला जाग येते. मग छातीत धडधडतं, उजाडेपर्यंत झोप नाही." रक्तदाब मोजला तर १६० वर १००. माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, म्हणजे ईसीएचएसचं कार्ड त्यांच्या स्वतःच्या नावाचं होतं, पण त्या कार्डावर त्या कधी दवाखान्यात गेल्याच नव्हत्या. २००३ पासून ही योजना आहे आणि पत्नीचा तिच्यावर पूर्ण हक्क आहे. मी त्यांना आधी तिथेच पाठवलं, त्यांच्या स्वतःच्या बीपीसाठी. दारूचा विषय निघाला तो आमच्या तिसऱ्या भेटीत, तोही असा : "दोनला जाग येते, कारण तेव्हा ते उठून कपाट उघडतात."

फौजीच्या घरातून मदत मागायला बाई निघते ती बहुतेकदा अशीच, स्वतःच्या डोकेदुखीच्या, झोपेच्या, मुलांच्या मार्कांच्या वाटेने. 'आधी पेशंटला घेऊन या, मग बोलू' असं सांगून ती वाट बंद करणं मला घातक वाटतं. या घरात एक माणूस वाचला, तो त्याच वाटेमुळे. पुढे येईलच.

रजेतला माणूस

जवानाला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक रजा आणि ३० दिवसांची किरकोळ रजा. तीही एकदम मिळतेच असं नाही. चोवीस वर्षं फौजीदादा घरी असे सुट्टीपुरतेच आले. सुट्टीत आलेल्या माणसाला कोणी काही म्हणत नाही. आला की मित्र जमायचे, शेवभाजी, मटण, मळ्यात बैठक. बर्फात, उंचावरच्या चौक्यांवर रम मिळते हे गावाला माहीत असतं. 'तिकडे थंडीत घ्यावीच लागते' एवढं म्हटलं की विषय संपायचा. रजा संपली की ते जायचे आणि घर पुन्हा वहिनींच्या हातात.

निवृत्तीनंतर पहिले सहा-सात महिने बरे गेले, कारण घराचं बांधकाम चालू होतं. स्लॅब पडला, वास्तुशांती झाली, आणि मग हातात काम उरलं नाही. शेतात कोणतं बियाणं टाकायचं हे वहिनी आणि सालदार ठरवायचे. मुलांच्या शाळेत वहिनींचीच ओळख. बँकेचं पासबुकही वहिनीच भरून आणायच्या. "ताई, इतकी वर्षं मी घर चालवलं," त्या म्हणाल्या, "आता ते घरी आले, तर त्यांना जागा कुठून काढू?" हा प्रश्न त्यांनी रागाने विचारला नव्हता. त्यांना खरंच उत्तर हवं होतं.

फौजीदादांनीही नंतर त्याच प्रश्नाची दुसरी बाजू सांगितली : "तिकडे सकाळ-संध्याकाळ रोल कॉल होता. इथे मी हजर आहे का गैरहजर, कोणी विचारतच नाही."

संध्याकाळी आठची बैठक हळूहळू सहाला सरकली. मग रात्री दोनची. मग सकाळची, 'डोळा उघडायला'. सकाळी हात थरथरतो आणि घोट घेतल्याशिवाय थांबत नाही, हे अवलंबित्वाचं पक्कं लक्षण आहे. तिथे सवय संपते आणि आजार सुरू होतो. तेव्हापासून शरीराचा कारभारच दारूवर चालतो.

बाटलीचा मान

इथे कॅन्टीनच्या कोट्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण बाहेरच्या लोकांना त्याचं वजन कळत नाही.

माजी सैनिकाला लष्कराच्या कॅन्टीनमधून दरमहा दारूच्या ठरावीक बाटल्या मिळतात, बाजारापेक्षा पुष्कळ स्वस्त. त्या त्याच्या स्वतःसाठी असतात. विकायला मनाई आहे. पण खेड्यात 'कॅन्टीनची बाटली' ही चीज वेगळी. मेहुण्याला एक हवी, लग्नात एक हवी, कचेरीतलं काम अडलं तर एक हवी. ज्याच्याकडे कोटा त्याच्याकडे चार माणसं येतात, 'दादा' म्हणतात, ओट्यावर बसतात. नोकरीतून आलेल्या माणसाचा उरलासुरला मान त्या बाटलीभोवती जमा होतो. फौजीदादांच्या घरी कोटा कधी पडून राहिला नाही. त्यांचा पुरला नाही तर आणखी एका माजी सैनिकाचा यायचा, आणि देणाऱ्याला त्यात आपण मैत्री जपतोय असंच वाटायचं.

घरात साठा कायमचा, आणि साठ्यामुळे ओट्यावर माणसं. वहिनींनी कपाटाला कुलूप लावून पाहिलं, बाटलीत पाणी घालून पाहिलं. एका नातेवाइकाने कुठूनशी पावडर आणून दिली, 'चहातून द्या, त्यांना कळणारही नाही, आपोआप सुटेल.' ती टाकण्याआधी त्यांनी मला विचारलं, हे फार बरं झालं. अशा पुड्यांत काय असतं याचा भरवसा नसतो, आणि डायसल्फिराम (दारूबरोबर पोटात गेलं की त्रास देणारं औषध) असेल तर पिणाऱ्याचा रक्तदाब एकाएकी कोसळू शकतो, हृदयावर ताण येऊ शकतो. हे औषध रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने, तपासण्या करूनच देतात. चोरून कधीच देऊ नये.

त्याच भेटीत मी त्यांना आणखी एक गोष्ट सांगितली आणि कागदावर लिहूनही दिली. रोज पिणाऱ्या, सकाळी पिणाऱ्या माणसाची दारू घरच्या घरी एकदम बंद करायची नाही. बंद झालीच तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान भ्रम होऊ शकतो : नसलेलं दिसणं, वेळ-जागा न कळणं, ताप, घाम, थरकाप. याला डॉक्टर डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार नसेल तर माणूस दगावतो. वहिनींनी तो कागद पिठाच्या डब्याखाली ठेवला.

तीन रात्री

चैत्रात गावात अखंड हरिनाम सप्ताह बसला. काल्याच्या दिवशी, शनिवारी दुपारी, फौजीदादांच्या चुलत्यांनी आणि मोठ्या मेहुण्यांनी त्यांना पुढे नेऊन गळ्यात तुळशीची माळ घातली. खानदेशात माळ घालून दारू सोडलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि माळेबद्दल माझ्या मनात आदरच आहे. फौजीदादांनीही ती मनापासून घातली. शेवटचा घोट शुक्रवारी रात्री दहाच्या सुमारास झाला होता. गावाने टाळ्या वाजवल्या. वहिनी रडल्या, आणि त्याच वेळी त्यांना तो कागद आठवला, असं त्या सांगतात.

शनिवारी संध्याकाळपासून उलट्या आणि थरथर. रात्री साडेअकराला फिट आली. रविवारी गावातल्या दवाखान्यात ग्लुकोजची सलाईन लावून घरी पाठवलं. घाम पाण्यासारखा वाहत होता. पण एप्रिलच्या उन्हात खानदेशात घामाचं कोणाला नवल वाटणार? रोज दारू पिणाऱ्याच्या शरीरात बी-१ जीवनसत्त्वाची, थायमिनची पुष्कळदा कमतरता असते. थायमिन न देता ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका असतो. म्हणून आधी थायमिन, निदान बरोबरीने तरी. ही गोष्ट प्रत्येक छोट्या दवाखान्याच्या भिंतीवर लिहिलेली असायला हवी असं मला वाटतं.

सोमवारी रात्री एकच्या सुमारास मुलीला जाग आली तेव्हा वडील अंथरुणात नव्हते. ते गच्चीवर, पाण्याच्या टाकीआड पालथे पडले होते. मुलगी वर गेली तशी त्यांनी तिचा हात ओढून तिला खाली बसवलं आणि तिचं डोकं तळहाताने जमिनीशी दाबून धरलं. "हिलना मत. सामने मूव्हमेंट है." समोर रस्त्यापलीकडे केळीचा बाग होता, वाऱ्याने पानं हलत होती. त्यांची बोटं अधूनमधून छातीवरून काहीतरी वेचून टाकत होती. नंतर कळलं की त्यांना अंगावर मुंग्या दिसत होत्या. मुलीच्या कपाळाला खरचटलं. पण त्यांच्या लेखी ते तिला गोळीपासून वाचवत होते.

खाली माणसं जमली. कोणी म्हणालं, "याले काही बाहेरनं शे," आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या एका भगताकडे न्यायला जीपसुद्धा आली. दुसरे म्हणाले, लढाई डोक्यात गेली, फौजींना होतं असं. दुसरा अंदाज सुशिक्षितांचा असल्याने जास्त धोक्याचा होता. युद्धाच्या आठवणींनी मनाला झालेली जखम खरी असते. पण ती अशी तिसऱ्या दिवशी ताप, थरकाप आणि भ्रम घेऊन एकाएकी येत नाही. वहिनींनी डब्याखालचा कागद काढला, मुलाला १०८ ला फोन करायला लावला आणि दाराशी उभ्या असलेल्या चुलतसासऱ्यांना सांगितलं, "मामाजी, जीप परत पाठवा. ह्यांना सिव्हिलला न्यायचंय." त्या घरात मोठ्यांच्या तोंडावर असं बोलण्याची ती त्यांची पहिलीच वेळ होती.

सिव्हिल

पोचले तेव्हा ताप १०२, नाडी १३०, माणूस, जागा, वार काहीच सांगता येत नव्हतं. थायमिनची इंजेक्शनं, लोराझेपामचे डोस, क्षारांची दुरुस्ती. यकृताचे आकडे वाढलेले होते, म्हणून तेच शामक निवडलं. यकृत दुबळं असताना ते तुलनेने सोसतं. दोन दिवस ते वॉर्डबॉयला पासवर्ड विचारत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मुलीच्या कपाळावरची खपली पाहिली आणि हे कशाने झालं म्हणून विचारलं. कोणी उत्तर दिलं नाही. मुलीनेच सांगितलं.

ईसीएचएसच्या कुटुंबांनी एक लक्षात ठेवावं : आणीबाणीत आधी पॉलिक्लिनिकच्या, म्हणजे योजनेच्या दवाखान्याच्या, चिठ्ठीची वाट पाहायची नसते. जवळच्या रुग्णालयात भरती करावं आणि ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवावं.

भ्रम उतरल्यावर मनोविकारतज्ज्ञांनी लगेच दुसरं कुठलंही निदान लावलं नाही, याचं मला समाधान आहे. दारू सुटल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यांत उदासी, चिंता, झोप नसणं हे बहुतेकांना असतं, आणि दोन-चार आठवड्यांत ते पुष्कळदा आपोआप ओसरतं. तीन आठवड्यांनी पुन्हा तपासलं. युद्धाच्या आघाताचा वेगळा आजार नव्हता. झोप अजून तुटक होती. घरात आपलं काम काय, हा प्रश्न मात्र जिथल्या तिथे होता. ओढ कमी करायला अकॅम्प्रोसेट सुरू केलं, कारण त्याचा भार यकृतावर पडत नाही. त्यानंतर ते पुण्याच्या एका निवासी व्यसनमुक्ती केंद्रात गेले. मराठी माणसाला पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून माहीत आहे, त्यामुळे 'केंद्रात जाणं' हा शब्द तरी आता परका राहिलेला नाही.

भीती कशाची होती

केंद्रात जायला खरा विरोध मायचा. "मना पोऱ्या दारूड्या नही. तो फौजी शे." या वाक्यात आईचा जीव होता, आणि त्याखाली एक जुनी भीतीही होती. कागदावर दारू आली की पेन्शन जाईल.

ही भीती हवेतून आलेली नव्हती. नोकरीत असताना दारूचा आजार नोंदला गेला की जवान लो मेडिकल कॅटेगरीत, म्हणजे खालच्या वैद्यकीय श्रेणीत, जातो, बढती अडते, आणि नशेत सापडला तर आर्मी ॲक्टच्या कलम ४८ खाली शिक्षाही होऊ शकते. म्हणून जवान लपवतो, त्याचे सोबती लपवतात, आणि फोनवर आवाज ओळखणारी बायकोही लपवते. खरं म्हणजे नोकरीतही उपचार असतो. लष्करी रुग्णालयात भरती होऊन, देखरेखीखाली दारूमुक्त राहिलेला जवान वरच्या कॅटेगरीत परत येऊ शकतो. वेळेवर गेला तर नोकरी टिकण्याची शक्यताच जास्त. पण चोवीस वर्षं मुरलेली लपवण्याची सवय निवृत्तीच्या दिवशी युनिटमध्ये सोडून येता येत नाही. निवृत्त माणसाने दारूवर उपचार घेतला म्हणून त्याची पेन्शन बंद होत नाही, हे मी मायंना समजावलं. त्यांना पटलं नाही.

पटलं ते एका सुभेदार साहेबांमुळे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या कल्याण संघटकांनी त्यांना आणलं. शेजारच्या तालुक्यातले, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या आपसातल्या मदतगटाचे जुने सभासद. ते मायच्या पाया पडले, कळण्याची भाकरी आणि ठेचा मागून खाल्ला आणि म्हणाले, "माय, मी पण पेत होतो. अकरा वर्षं झाली. पेन्शन दर महिन्याला येते." मग फौजीदादांकडे वळून एवढंच, "हवालदार, बॅग भर." समुपदेशनाच्या माझ्या सगळ्या तासांपेक्षा त्या हुकुमाने जास्त काम केलं. आजारी फौजीपर्यंत पोचायला दारूतून बाहेर आलेला फौजीच लागतो, हे मी अनेक घरांत पाहिलंय.

२०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसलातरी उपचार मिळतो. सैनिकांसाठी एक दार अलीकडे उघडलंय. टेलि-मानस या चोवीस तासांच्या मोफत हेल्पलाइनचा (१४४१६) सैन्यदलांसाठीचा स्वतंत्र कक्ष डिसेंबर २०२३ पासून पुण्याच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजमध्ये चालतो. सैनिकांचे कुटुंबीयही तिथे बोलू शकतात. व्यसनासाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. दोन्हीकडे पेशंटशिवाय, फक्त घरच्यांनी फोन केला तरी चालतो.

आखाजी आणि नंतर

फौजीदादा पुण्यात असतानाच आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, आली. बहिणी माहेरी आल्या, झोके बांधले गेले, पत्त्यांचे डाव बसले, आणि मेहुण्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "वहिनी, बाटली?" वहिनींनी सांगितलं की या घराने कोटा उचलणं बंद केलंय. मोठे मेहुणे जेवणाआधीच उठून गेले. तीन-चार महिने बोलणं बंद होतं. ओट्यावरची माणसंही कमी झाली. घराला एकटं पडल्यासारखं वाटलं आणि ते खोटं नव्हतं. उपचारात हे कोणी सांगत नाही. दारू सुटते तेव्हा दारूवर उभी असलेली नातीही सुटतात, आणि त्या रिकाम्या संध्याकाळी काय करायचं हे घराला नव्याने शिकावं लागतं. फौजीदादांनी त्या संध्याकाळी मुलाला आणि गावातल्या आणखी पाच-सात पोरांना भरतीच्या मैदानी चाचणीची तयारी करून द्यायला दिल्या. कल्पना मुलाची होती. हजेरी वडील घेतात, रोज साडेपाचला.

दिवाळीनंतर धुळ्याला एका बॅचमेटच्या मुलीच्या हळदीत ते प्यायले. रात्री अकराला त्यांनीच वहिनींना फोन केला. वहिनी ओरडल्या नाहीत. मुलाला आणि सुभेदार साहेबांना गाडी घेऊन पाठवलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर, तिसऱ्या दिवशी मीटिंग. त्या दोन दिवसांत माळ काढायची की नाही यावर घरात वाद झाला. महाराज म्हणाले, राहू द्या. माळ राहिली. त्यानंतर आजपर्यंत त्यांनी घोट घेतलेला नाही. यकृताचे आकडे उतरलेत. वहिनींचं बीपी गोळीवर ताब्यात आहे, आणि दोन बायकांना त्या स्वतः माझ्याकडे घेऊन आल्या आहेत, दोघींचे नवरे अजून नोकरीत.

राहता राहिली बंदूक. बँकेच्या नोकरीसाठी फौजीदादांकडे परवान्याची बारा बोअरची बंदूक आहे. भ्रमाच्या त्या रात्री ती माळ्यावर होती आणि काडतुसं कपाटात, बाटल्यांच्या शेजारी. सिव्हिलमधून फोन करून मी पहिलं सांगितलं ते हेच : ती आजच घराबाहेर काढा. माय म्हणाल्या, गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. कल्याण संघटकांनी तोड काढली. निवडणुकीत पुष्कळ जण जमा करतात, तशीच आताही जमा करायची. रीतसर पावती घेऊन ती पोलीस ठाण्यात गेली.

आता फौजीदादांना ती परत हवी आहे. बंदूकवाल्या गार्डला पगार जास्त मिळतो आणि मुलीच्या अकरावीचा खर्च समोर आहे. डॉक्टर म्हणतात, निदान वर्षभर पूर्ण दारूमुक्त जाऊ द्या, मग बघू. वहिनी म्हणतात, कधीच नको. गेल्या भेटीत दोघांचं यावर माझ्यासमोर कडाक्याचं भांडण झालं. मी वहिनींच्या बाजूने आहे आणि हे दोघांनाही सांगितलंय. तूर्त त्यांनी बिनबंदुकीची दिवसपाळी धरलीय, पगार कमी आहे, आणि पावती वहिनींच्या पर्समध्ये आहे.